एका माणसापुरते डबे

ती. दादांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कुरकुरत नसेल आणि वहिनींनी तुमचं गोड खाणं अजून बंदच ठेवलं असेल, असं धरून चालतो. आम्ही इकडे मजेत. हे पत्र सहजच. (सहज पत्र लिहिणाऱ्यांपैकी मी नाही हे तुम्ही जाणता, पण वाचा.)

तर तुमच्या बहिणीने आमच्या घराचं गोदाम केलंय. कुठूनसं हाताने फिरवायचं एक यंत्र आणून तिने जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलं आणि तांदूळ, गहू, डाळी, साखर असं जे पोत्याने मिळेल ते पत्र्याच्या डब्यांत भरायचा सपाटा लावला. डबा भरायचा, झाकण ठेवायचं, दांडा गरागरा फिरवायचा, की डबा बंद. "वर्षानुवर्षं टिकतं," म्हणाली. पलंगाखाली डबे, जिन्याखाली डबे, माझ्या पुस्तकांच्या कपाटात डबे. (पुस्तकं कुठे गेली ते विचारलं, तर म्हणे, "कोरडी आहेत, टिकतील.") एवढं सगळं कशासाठी, तर "घरात असलेलं बरं." दादा, तुमची बहीण आणि इतकं तोकडं उत्तर! माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

मग माझ्या लक्षात आलं, की साखर सोडून ही प्रत्येक डब्यात एक छोटी पुडी टाकते. पुडीवर लिहिलंय, 'खाऊ नये'. जे खायचं नाही ते खायच्या जिनसांत कशाला? एक पुडी रुमालात बांधून मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे नेली. त्याने चष्मा कपाळावर चढवून ती उलटसुलट पाहिली. "लोखंडाची भुकटी आहे हो. डब्यातला प्राणवायू शोषून घेते, मग आत किडा जगत नाही."

"आणि माणूस?" मी विचारलं.

"माणूस डब्यात बसणार आहे का?"

दुकानातलं समस्त गिऱ्हाईक हसलं. मी खोकला नसताना खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आलो.

विषाचा संशय फिटला, पण दुसरा उभा राहिला. यंत्रावर मोठाले डबेही बंद होतात, तरी ही सगळे चिमुकलेच डबे भरत होती. एकात तांदूळ किती, तर एका माणसाला दोन-चार दिवस पुरतील इतके. एका माणसाला! आम्ही घरात दोघं. त्यातच एक दिवस तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि भाताला पाणी किती घालायचं ते शिकवलं. (लग्न झाल्यापासून मी ओट्याजवळ दिसलो की "तुम्ही आधी बाहेर व्हा" एवढंच ऐकत आलोय.) शिवाय दार लावून हळू आवाजात फोन. माझी खात्रीच पटली, की ही मला सोडून निघाली, आणि निघाली ती तुमच्याकडे. दादा, राग मानू नका, पण आठवडाभर मी तुम्हाला मनातल्या मनात फार वाईट बोललो.

शेवटी ती पिशवी घेऊन बाहेर पडली तसा मी मागोमाग निघालो. ती दोन रस्ते ओलांडून एका इमारतीत शिरली. मीही शिरलो आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. थोड्या वेळाने एक नर्स आली. "काका, तुम्हाला कुणाला दाखवायचंय? आणि पेपर उलटा धरलाय तुम्ही." तेवढ्यात आतून ही बाहेर आली.

मला पाहून ती चिडली नाही. शेजारी बसली आणि म्हणाली, "पोटात गाठ आहे. साधीच असावी असं डॉक्टर म्हणतात. पण काढल्यावर नक्की कळेल."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आधी डॉक्टरवर संशय घेतला असता. आणि रिकामी बसले की मला नको नको ते सुचतं. म्हटलं, निदान तुमच्या जेवणाचं तरी बघून ठेवावं."

मी तिची पिशवी घेतली आणि आम्ही घरी आलो. वाटेत तिने माझा दंड धरला होता. (रस्ता खराब आहे म्हणून, असं ती म्हणाली. रस्ता चांगला होता.) त्या दिवसापासून ती डबे भरते आणि दांडा मी फिरवतो. डॉक्टरांना मात्र मी भेटून आलो. भिंतीवरची पदवी जवळून वाचली, खाली शिक्का आहे का तेही पाहिलं. माणूस बरा वाटतो. हात स्थिर आहेत.

तुम्हाला कळवायचं नाही असं तिने बजावलंय. तेव्हा आपल्याला काही ठाऊक नाही असं समजा. इकडे सगळी तयारी झाली आहे, काळजी नसावी आणि येण्याची तसदी तर मुळीच घेऊ नये. वहिनींना नमस्कार.

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. - तयारी झाली आहे असं वर लिहिलंय, ती तिची. माझी झालेली नाही.

ता. ता. क. - ऑपरेशन येत्या सोमवारी सकाळी आहे. ती आत असताना बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी कुणीतरी बसायला हवं. बोलायची गरज नाही. रविवारीच या. या बाजूला काहीतरी काम निघालं म्हणून आलो, असं तिला सांगा. काम कसलं ते वाटेत तुम्हीच ठरवा, मला खोटं बोलता येत नाही.