पाणी उभं राहीपर्यंत

प्रिय भूपेश,

फोनवर सांगायला बसले की तू मधेच बोलतोस आणि मी गप्प होते. म्हणून लिहिते आहे. सगळं वाचून झाल्याशिवाय मला फोन करू नकोस.

आता पाऊस उघडला आहे. सोनिवलीच्या आमच्या गॅलरीतून नदी अगदी गरीब दिसते. आमच्या सोसायटीतल्या लोकांना ही नदी पुढे कुठे जाते ते ठाऊकही नाही. हीच उल्हास कल्याणच्या पुढे खारी होते, दिवसातून दोनदा उलटी वाहते आणि आपल्या बेटाला वेढून समुद्राला मिळते, हे मी सासूबाईंना, विनीतच्या आईला, सांगितलं तर त्यांना खोटं वाटलं. आजोबा मिठाची होडी भरतीवर सोडून कल्याणपर्यंत आणायचे आणि ओहोटीवर घरी परतायचे, हे तर त्यांना गोष्टीतलंच वाटलं. पुढे बांध फुटला, मिठागरं बुडाली, सक्शन पंपांनी वाळू उपसून खाडीचा तळ खरवडून काढला. बेट मात्र तिथेच राहिलं, आणि पूल नाही तो नाहीच; तो आला की लोक जमिनी विकतील म्हणून बाबाच आडवे आले होते.

पुलाचं नाव काढलं की तुला काय आठवतं ते मला माहीत आहे. आईच्या छातीत कळ आली तेव्हा बाबांनी भरतीची वाट न पाहता भर ओहोटीत होडी काढली. होडी गाळात रुतली. समोरच्या धक्क्यावर रिक्षा उभी दिसत होती, आणि आई तुझ्या मांडीवर गेली. तू तेव्हा बाबांना म्हणालास, "तुम्ही पुलाला आडवे आला नसतात तर आज आई असती." तेरावं झालं आणि ते बेट सोडून माझ्याकडे आले. तेव्हापासून तुम्ही एकमेकांशी बोललेला नाहीत.

आता त्या सकाळचं सांगते. इथे बदलापुरात रात्रभर पाऊस होता. उजाडलं तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी होतं आणि पालिकेचा भोंगा वाजत होता. विनीत अंबरनाथला कंपनीत अडकला होता. तेवढ्यात तुझा फोन आला. स्वप्नालीला कळा सुरू झाल्यात, बनूबाई सुईण म्हणते बाळ आडवं आहे, इथे काही होणार नाही, पलीकडे न्यायलाच हवं. मदतीची बोट मागितली तर सगळ्या बोटी पुरात गुंतल्यात. "ताई, मी होडी सोडतो," एवढं बोलून तू फोन ठेवलास.

तुला वाटत होतं बाबा चिखलोलीला मामाकडे आहेत. नव्हते. आदल्या संध्याकाळीच ते परत आले होते आणि माझ्या शेजारी उभं राहून सगळं ऐकत होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. गॅलरीत जाऊन त्यांनी नदीकडे पाहिलं. आख्खी झाडं वाहत होती, एक म्हैस वाहत गेली. मग आत येऊन म्हणाले, "त्याला फोन कर. आता होरी नको सोरू म्हनाव. ह्यो पूर तिकरं जातोय आन् समोरशी अवसेची भरती चरतेय. दोनी पान्यांची झुंज होईल, होरी फिरल. भरती पुरी भरू दे. पानी उबं राहील, तवा सोर म्हनाव." मी फोन त्यांच्या हातात द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला. "माजा नाव घेऊ नको. माजा नाव आयकला तर तो उलटाच करील."

म्हणून मी बोलले, माझंच म्हणून. तू ओरडलास, "वाट बघू? ती मरेल इथे. तुला चौथ्या मजल्यावर बसून काय कळतंय?" मागून स्वप्नालीचा आवाज येत होता. मी बाबांना खुणेने विचारलं, नक्की ना? ते हळूच म्हणाले, "नक्की मना ठावं नाय. आता तल बदलला हाय." भूपेश, त्यांना माहीत नव्हतं. जन्म खाडीवर गेलेला माणूस माझ्या स्वयंपाकघरात भिंत धरून उभा होता. तरीही मी तुला थांब म्हणाले.

पाणी उभं राहिलं हे कसं ओळखायचं, असं तू विचारलंस. मी जलपर्णीवर नजर ठेव म्हणाले, ते वाक्यही त्यांचंच. हिरवे पुंजके वाहायचे थांबले आणि जागच्या जागी डुलायला लागले की निघ. त्यानंतर ओहोटी लागली तर पूर आणि ओहोटी मिळून होडी थेट समुद्रात नेतील, मधे वेळ थोडाच आहे. तू फोन चालूच ठेवलास, बऱ्याच वेळाने "पुंजके थांबले" एवढंच म्हणालास आणि फोन बंद झाला.

त्यानंतरचं तुला कोणी सांगितलेलं नाही. बाबा दाराशी जमिनीवर बसले. शेजारच्या बाई मेणबत्त्या मागायला आल्या, बाबांना ओलांडून गेल्या, तेही बाबांना कळलं नाही. मी पाणी दिलं, पेला त्यांच्या हातात तसाच राहिला. बराच वेळ गेल्यावर तुझ्याबरोबर होडीवर असलेल्या रघुचा फोन आला. पोचलो, वहिनीला आत घेतलं. आणि दुपारी, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. बाबांनी मान हलवली. मग एवढंच म्हणाले, "तवा पन थांबाया पायजे होता. तुजी आय कलवलत होती, माज्यानी थांबवला नाय." पुलाबद्दल मी विचारलं नव्हतं, ते आपणहून म्हणाले, "पूल होऊ दे. जमिनी इकतील तर इकतील."

परवा तुझा फोन आला. ताई, तुझ्यामुळे माझी लेक आहे, बारशाला आत्या म्हणून तूच नाव ठेव, रघुला होडी घेऊन पाठवतो, असं म्हणालास. गावातही सगळ्यांना तेच सांगत सुटला आहेस. मला ते ऐकवत नाही, कारण तो शब्द माझा नव्हता. मी हे लिहिते आहे ते बाबांना माहीत नाही. रविवारी, बारशाच्या दिवशी, मी त्यांना काहीतरी सांगून अलीकडच्या धक्क्यावर घेऊन येईन. तू रघुला पाठवू नकोस, स्वतः ये. बोलायला जमलं नाही तरी चालेल. होडीत चढताना त्यांचा गुडघा वाकत नाही आणि ते कुणाला सांगत नाहीत. तेवढा हात पुढे कर.

तुमच्या दोघांच्या मधे उभी असलेली,
तुझीच ताई
नेत्रा