न लावलेली कडी

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. दोन लिहून फाडली. आठवीत शाळा सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसतो म्हणून तू मला मास्तर म्हणायचास. त्या मास्तरला आज धड चार ओळी सुचत नाहीयेत.

आईच्या गर्भपिशवीच्या कॅन्सरचं तुला मामांकडून कळलंच असेल. बाहेरून द्यायचे किरण संपले, आता आतून देतात. बारीक नळ्या बसवून मशीनला जोडतात. त्यांतून तांदळाएवढा किरणांचा दाणा आत जातो आणि काही मिनिटांनी आपोआप परत येतो. तेवढा वेळ तिच्याजवळ कुणी थांबायचं नसतं. जाड दार बंद होतं. आत ती एकटी, हलायचंही नाही, आणि बाहेर मी पडद्यावर तिला बघत बसतो. इतकीशी दिसते रे. मला रागवायची तेव्हा अख्खं स्वयंपाकघर भरून टाकायची.

परवा मशीनवरच्या बाई म्हणाल्या, घाबरल्यात त्या, माइकवर बोला काहीतरी. मी म्हणालो, आई, मी आहे इथं. थोड्या वेळानं स्पीकरमधून आवाज आला, मोठ्या, आलास होय रे?

आपले आवाज सारखेच, शेजारच्या काकूसुद्धा फसायच्या. मी हो म्हणालो. मग ती थांबेचना. जेवलास का, सूनबाई कशी आहे, सगळं विचारलं. म्हणाली, तुझ्या लग्नावरून भांडण झालं त्या रात्री दार मीच आपटलं, पण कडी लावली नव्हती. ढकललं असतंस तर उघडलं असतं. वर म्हणाली, मी भ्याले हे धाकट्याला सांगू नकोस, तो आधीच काळजीनं अर्धा झालाय.

माझ्याशी ती एवढं कधीच बोललेली नाही, दादा.

दार उघडल्यावर तिनं माझ्या मागं पाहिलं. तो गेला का, म्हणाली. मी म्हणालो, कामावर जायचं होतं त्याला.

पुढच्या गुरुवारी सकाळी शेवटचं सिटिंग आहे. तू आला नाहीस तर मी पुन्हा तू बनून हो म्हणेन, तेवढं मला जमतं. पण या वेळी ती नक्की विचारणार, आता तरी दार ढकलशील का? त्याचं उत्तर तूच येऊन दे.

तुझाच,
मास्तर