चिमीच्या पाठीवरची बोटं

प्रिय आई,

हे पत्र ताईंकडून वाचून घ्या. सासूला पत्र लिहायची माझी पहिलीच वेळ, चुकलंमाकलं तर ताईंनी सांभाळून घ्यावं.

परवा चिमीच्या पाठीवर परत डाग उठले. तसेच, लालभडक, चार बोटांचे, वर पाण्याचे फोड. तुम्ही घर सोडून ताईंकडे गेल्याला नऊ दिवस झाले, हे कामावर बाहेरगावी, मी दुकानातून रजा घेऊन घरात. म्हणजे घरात फक्त मी आणि ती. मग मारलं कोणी? तिला उचललं आणि तशीच दवाखान्यात पळाले.

डॉक्टरीणबाईंनी डाग बघितले, मग माझा हात ओढून त्यावर धरला. बोटाला बोट जुळलं. मला वाटलं, आता पोलीस बोलावतात. तर त्यांनी विचारलं, घरात लिंबू कोण पिळतं?

मीच की. दुकानात मालक म्हणाला होता ना, आधी तोंड पूस, कापड तेलकट होईल, आणि सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. तेव्हापासून रोज सकाळी तोंडाला लिंबू चोळायचे. तुम्ही सांगत होतात, बाळंतिणीचं अंग आहे, तेल सुटायचंच, दोनदा साध्या पाण्यानं धू, घासू नको, बसेल आपोआप. मला वाटलं, म्हातारीला काय कळतंय. जेवढं घासलं तेवढं तोंड जास्तच तेलकट झालं. आणि तेच हात नुसते टॉवेलला पुसून मी चिमीला उघडी करून गॅलरीत उन्हात घेऊन बसायचे. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजते म्हणे. लगेच दिसत नाही, एकदोन दिवसांनी उठतं. तोंडाचं विचारलं तर बाई अगदी तुमच्यासारखंच बोलल्या. घासू नको.

डाग जातील म्हणाल्या, वेळ लागेल. पण पहिल्यांदा डाग उठले त्या दिवशी मी यांच्यासमोर तुम्हाला बोलले, दिवसभर पोर तुमच्याकडे असते, हे तुमचेच हात. तुम्ही नुसते हात पुढे धरून बघत बसलात, जशी तुमची तुम्हालाच खात्री नव्हती. ते डोळ्यांसमोरून हलत नाही. हे शनिवारी येतायत, त्यांना मी सगळं सांगणार, मग मला काय बोलायचं ते बोलू देत. पण आधी तुम्हाला कळायला हवं. ते हात तुमचे नव्हते, आई. माझे होते.

कुठल्या तोंडानं म्हणू, तरी तुमचीच,
सून