कारकुनाचा वस्तरा

वडगाव मावळ, ता. ४ जानेवारी १९३४

चि. राजमहंमद यास ताजुन्निसाआपाचे अनेक दुवा.

इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली तू कळवत नाहीस, तेव्हा ती आम्हीच गृहीत धरतो. लोणावळ्याच्या बाजारात तुझं वस्तरे दुरुस्तीचं दुकान जोरात आहे म्हणे. तीन वर्षांत आम्हाला बोलावलं नाहीस, एवढी गर्दी असेल. अब्बांनी गिऱ्हाइकासमोर, वस्तऱ्याचं पातं मुठीत धरणाऱ्या तुझ्या पिनीला बैलाचा नाल म्हटलं आणि तू घर सोडलंस. लोक जमिनीवरून भांडतात, आपल्या घराण्याला मुठीतली पिन पुरते.

लोणावळ्याच्या बाजाराला येणाऱ्या शेजारच्या सोपानबरोबर एक वस्तरा पाठवते. कचेरीतल्या कारकुनाचा आहे. पातं गंजलंय, मूठ खुळखुळते. नवी पिन बसव. मोठ्या मनानं लोभ ठेव, छोट्या मनानं ठेवलास तरी चालेल.

तुझी आपा, ताजुन्निसा

लोणावळे, ता. १३ जानेवारी

आपास सलाम.

वस्तरा सोपानकडेच परत देतो. पातं पथरीवर घासून उजळलं. पोलाद कारकुनाच्या लायकीपेक्षा चांगलं निघालं. पण मूठ! शिंगाच्या मुठीत कुणा महाभागानं लोखंडी खिळा ठोकलाय, तोही तिरका. शिंगाला तडा गेला, पातं डुलतंय. असल्या कारागिराला हातोडी द्यायचीच तर चिंचा फोडायला द्यावी.

तडा लाखेनं भरला. पितळी तारेची पिन घालून दोन्ही तोंडं हलक्या हातानं ठोकली, घासून सपाट केली. मूठ ओळखीची वाटली, पण शिंगं सगळी सारखीच. अब्बांची चौकशी केली म्हणून सांगू नकोस. माझ्यावरचा राग जपून वापर, पुढेही लागेल.

राजमहंमद

वडगाव मावळ, ता. १७ जानेवारी

चि. राजमहंमद यास दुवा.

तुझं पत्र मी अब्बांना मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं. त्यांना वर्षभर दिसत नाही. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती. चिंचांपाशी मी अडखळले, तर म्हणाले, पुढं वाच. वाचलं. राजू, तो महाभाग तेच. नजर जाताना अंदाजानं ठोकलेला तो त्यांचा शेवटचा खिळा. गेल्या महिन्यात त्याच वस्तऱ्यानं त्यांनी हनुवटी कापून घेतली, म्हणून मला कारकून जन्माला घालावा लागला.

मग त्यांनी वस्तरा मागितला. उघडला, मिटला, अंगठा मुठीवरून फिरवला. आठवतं ना, अंगठा अडला की आपलं काम परत अंगावर यायचं. एकदा फिरवला, दोनदा फिरवला. मग विचारलं, "पिन कुटं हाय?"

मला रडू आलं. दाढी महिन्याची वाढलीय आणि न्हाव्याला जवळ येऊ देत नाहीत. पिन ज्यानं बसवली त्यानंच दाढी करावी म्हणतात. आता तुझी गर्दी किती आहे ते कळव.

ताजुन्निसा

लोणावळे, ता. १९ जानेवारी

आपास सलाम, अब्बांना फार फार सलाम.

सोमवारी सकाळच्या गाडीनं येतो. दुकानाला कुलूप लावतोय. त्याच मुठीवर मी पहिली पिन घासायला शिकलो होतो, आणि तरी ओळखली नाही. अब्बांची पिन तिरकी असू शकेल हे माझ्या मनातच आलं नाही.

कारकूनसाहेबांना पाणी तापवून ठेवायला सांग. माझा हात थरथरला तर त्यांनी खुशाल बोलावं, हवं तर सगळ्या वडगावासमोर.

त्यांचा, राजमहंमद