मधलं हाड

६ जानेवारी, मंगळवार

आंघोळ करताना हाताला लागलं. दोन्ही स्तनांच्या मधोमध, जरा खाली. कडक. दाबलं तरी हलत नाही. पुन्हा दाबलं — तिथंच!

बसव्वाला सांगितलं. माझी धाकटी जाऊ. दोघींचे नवरे गेले, आता मंगळवार पेठेतल्या या घरात आम्ही दोघीच. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही. "डबीचा घट्टा आसंल, अक्का. जल्मभर लिंगाची डबी गळ्यात. घट्टा हुनारच की. मला न्हाय व्हय?"

आम्हा लिंगायतांची इष्टलिंगाची चांदीची डबी, मऊ दोरा. एवढ्या वर्षांत एक ब्लाउज विरला नाही, आणि हाडामांसाला घट्टा पडला म्हणे!

७ जानेवारी

झोप नाही.

शिवशरणला पुण्याला फोन केला. "स्तनाजवळ गाठ लागतेय." पोटचा मुलगा, दोन मुलींचा बाप! "आई, अगं... लेडी डॉक्टरला दाखव ना." लगेच त्याला दुसरा फोन आला.

मरायचं असेल तर मरेन. निदान अवयवाचं नाव तरी घ्या.

८ जानेवारी

त्याला काय बोलायचं? आमच्या कॉन्व्हेंटात जीवशास्त्राच्या पुस्तकात बेडूक संपूर्ण होता, यकृतासकट. बाईच्या छातीची दोन पानं सिस्टरनी डिंकानं चिकटवलेली. उजेडात धरली तर नुसत्या बरगड्या दिसायच्या. त्या मी पाठ केल्या. बारा जोड्या. परीक्षेत पैकीच्या पैकी.

९ जानेवारी, शुक्रवार

डॉ. आदिती. गल्लीतल्या नेमगोंडा पाटलांची नात, काल-परवापर्यंत परकरात होती. हात गरम करून तपासलं. दोन्ही स्तन, मग काखा. मग तिथं बोट ठेवून हसली.

"गाठ नाही, आजी. हाड आहे. छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक. आधी मऊ असतं, वयानं टणक होतं. तुम्ही बारीक झालात म्हणून हाताला लागलं."

एकाहत्तर वर्षं माझ्याच अंगात राहतंय, आणि कुणी ओळख करून दिली नाही!

भिंतीवर तक्ता होता. चांगला धडधडीत, न चिकटवलेला. दुधाच्या ग्रंथी द्राक्षाच्या घडासारख्या, भोवती चरबी, खाली स्नायू, त्याखाली माझ्या बारा जोड्या. स्तन काखेपर्यंत जातो हेही आजच कळलं. मी चार प्रश्न विचारले. बसव्वा स्टुलावर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. तक्त्याकडे पाठ. बाईला कशाची म्हणून जिज्ञासा नाही.

१० जानेवारी

शिवशरणला कळवलं — हाड निघालं. "बघ, उगाच घाबरलीस!" मी घाबरले?

आमटीत आज दोनदा मीठ पडलंय. बसव्वाला म्हटलं, लक्ष कुठाय? "हितंच हाय."

१३ जानेवारी, भोगी

बसव्वा बाजरीच्या भाकरीला तीळ लावत होती. मान वर न करता म्हणाली, "अक्का, त्ये तुमचं हाड... डाव्या अंगाला बी आस्तं काय?"

"नाही. एकच. मधोमध."

"काखंजवळ?"

मी भाजी निवडायची थांबले. "बसव्वा, पदर काढ."

तिनं आधी गॅस बंद केला. मग पदर.

लिंबाएवढी. वरची कातडी आत ओढलेली. मला हात काही काढवेना.

"घट्टाच हाय न्हवं, डबीचा?"

डबी गळ्यातून जिथं लोंबते तिथून ती जागा वीतभर लांब. डबी तिथं पोचतच नाही.

"कधीपासून?"

"गेल्या भोगीला लागलंतं हाताला. दुकत न्हवतं की. आनि सांगू कुनाला, अन् काय म्हनून?"

भाकरी तव्यावरच गार झाली. कुणी उचलली नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. दवाखाना बंद. आदितीच्या घरी जाऊन बेल वाजवली.

२ फेब्रुवारी, सोमवार

ऑपरेशनला अंगावर काही चालत नाही. बसव्वानं डबी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. दुसऱ्याचं लिंग असं गळ्यात घालत नाहीत — मला माहीत आहे, तिला माझ्याहून जास्त. "सांबाळा अक्का. घ्याला येतो."

दोन्ही डब्या त्या हाडावर टेकल्या आहेत. घट्टा पडला तर पडू दे.