आम्ही हार्टचं सांगितलं होतं

पुणे,
७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुहासिनीस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र फोनवर मोठं करकरून वाचलं. माझा अवधूत म्हणतो, तुम्ही दोघी बहिणी कागदावर लिहून फोटो पाठवत बसता, त्यापेक्षा सरळ बोला ना. त्याला काय जातंय बोलायला? कानात यंत्र घालून फोनवर ऐकणं म्हणजे काय असतं ते माझं मला ठाऊक. तू आपली लिहीतच जा.

उद्या निघणार ना? नॉटिंगहॅम ते न्यूकॅसल, चार दिवस सायकलवर, तेही असल्या बर्फात! अठ्ठावन्न पूर्ण झाली तुला. शाळेत असताना सायकल शिकायला म्हणून गेलीस आणि भाजीवालीच्या टोपलीत जाऊन बसलीस, ती तू. पण तुझ्या परीक्षितच्या आठवणीत करते आहेस, म्हणून मी अडवत नाही. जमलेल्या पैशांनी हॉस्पिटलला मदत होऊन एखाद्या आईचं पोर हार्टच्या दुखण्यातून वाचलं तर चांगलंच आहे. हेल्मेटखाली कानटोपी घाल. फोटोत नुसतेच कान दिसतात.

इथे काळजी अवधूतच्या ईशिताची. आपल्या घरात हार्टचं आहे हे परीक्षित गेला तेव्हा कळलं, म्हणून मीच हट्टाने नातीचं ट्रेकिंग बंद केलं. तेव्हा तिने हूं की चूं केलं नाही. आता दुसऱ्यांदा इको काढला, रिपोर्ट स्वच्छ. तरी पोर दिवसभर पडून असते. कॉलेज नाही, जेवणाचं नाव नाही. परवा ट्रेकचे बूट, सॅक, टॉर्च, सगळं मैत्रिणीला देऊन आली. मी म्हटलं, बरं झालं, सुटला एकदाचा नाद. डॉक्टर अशक्तपणा म्हणतात. एकोणीस वर्षांच्या मुलीची आणखी कुठली टेस्ट करावी, ते तुझ्या अंबरीशरावांना तिकडे कुणा डॉक्टरला विचारायला सांगून कळव.

मुक्कामाला पोचलीस की दोन ओळी खरड. माया आहेच, पण पत्र आलं की जिवाला बरं वाटतं.

तुझी,
ताई


डॉन्कास्टर,
८ फेब्रुवारी २०२५

ती. अरुणाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वाटेत, एका कॅफेच्या दारात उभी राहून वाचलं. सकाळपासून तोंडावर बर्फाचं पाणी मारत होतं. बोटं इतकी गारठली होती की फोन उघडेना, शेवटी टीममधल्या एका बाईंनी उघडून दिला. ईशिताने बूट देऊन टाकले, इथपर्यंत आले आणि तिथूनच अर्चनाला फोन लावला. पोरीला एक मिनिट एकटी ठेवू नकोस, आजच्या आज मानसोपचारतज्ज्ञांकडे ने, असं तुझ्या सुनेला सांगितलं आहे. का, ते तिला अर्धंच सांगितलं. उरलेलं तुला सांगायचं आहे.

ताई, परीक्षितला हार्टचं काही नव्हतं. त्याने जीव दिला.

त्या संध्याकाळी तुमच्याकडे फोन केला तेव्हा अवधूतने विचारलं, काय झालं, आणि माझ्या तोंडून हार्ट असं निघून गेलं. अंबरीश शेजारी उभा होता. त्याने ते तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी इल्फर्डच्या वन्संना तेच सांगितलं, आणि मग ते बदलायची सोयच राहिली नाही. मला वाटायचं, लोक माझ्या मुलाचं नाव हळू आवाजात घेतील. म्हणतील, आई असून कळलं कसं नाही. नाहीच कळलं गं. शेवटच्या महिन्यात त्याने गिटार देऊन टाकली, नवे कोट देऊन टाकले, आणि मी चारचौघांत कौतुक केलं की बघा, किती मोठ्या मनाचा मुलगा.

ही राइड हॉस्पिटलसाठी नाही. जगणं नको झालेल्या मुलांचं फोनवर कुणीतरी ऐकून घ्यावं, त्यासाठी आहे. आमच्या पिवळ्या जॅकेटच्या पाठीवर ते मोठ्या अक्षरांत छापलंय. म्हणून तुला पाठवलेले सगळे फोटो समोरून काढलेले असतात.

माझ्या खोटं बोलण्यामुळे तुमची पोर दोन वर्षं भलत्याच डॉक्टरांच्या दारात बसली. मला माफ करू नकोस हवं तर. पण आत्ता ऊठ, तिच्याजवळ जाऊन बस आणि तिला स्पष्ट विचार, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने काही वाईट होत नाही, हे मी इथे शिकले. फार उशिरा शिकले.

लोभ असू द्यावा असं लिहायची आज हिंमत नाही.

तुझी,
सुहास


पुणे,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सुहासिनीस,
आशीर्वाद.

आधी हे वाच. ईशिता माझ्या खोलीत, माझ्या पांघरुणात झोपली आहे. अर्चना उशाशी बसली आहे. काल डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं, औषध दिलंय, उद्या परत बोलावलंय. ती सगळं खरं बोलली त्यांच्याशी. किती जवळ येऊन ठेपलं होतं, ते मला लिहवत नाही.

मला तुझा राग आला आहे. इतका की काल पाणीसुद्धा गोड लागलं नाही. मी काय लोकांतली होते? परकरात होतीस तेव्हापासूनची तुझी गुपितं पोटात ठेवली मी. दोन वर्षं तुझ्या मुलासाठी रडले, तेही भलत्याच कारणासाठी. त्याच्या बिचाऱ्याच्या मनात काय होतं त्यासाठी मी एकदाही रडले नाही.

ईशिताला तुझं पत्रच वाचायला दिलं. वाचून ती एवढंच म्हणाली, “आजी, मला माहीत होतं.”

अगं, परीक्षित तिच्याशी बोलायचा. सकाळी उठवत नाही, सगळं नको वाटतं, असं सांगायचा, आणि कुणाला सांगू नकोस म्हणायचा. तो गेला त्या रविवारी त्याने तिला मेसेज केला होता, बोलायला वेळ आहे का, एवढाच. ही मैत्रिणींबरोबर गडावर, तिथे रेंज नाही. खाली उतरल्यावर तिने पाहिला, फोन लावला, तो कुणी उचलला नाही. आणि रात्री उशिरा घरी येऊन बघते तर आम्ही सगळे हार्ट, हार्ट करून रडत होतो. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस बाई? तर म्हणे, सुहासआजीला बिचारीला खरंच हार्ट वाटतंय, तिला हे कळलं तर ती मरून जाईल. तुला जपायला म्हणून गप्प बसली गं ती. सतरा वर्षांची होती.

रागावले आहे तरी तू माझीच आहेस. जपून चालव.

ताई


यॉर्क,
९ फेब्रुवारी २०२५

चि. ईशितास,
अनेक आशीर्वाद.

आजीचं पत्र यॉर्कला पोचल्यावर मिळालं. मी सायकल टीमच्या व्हॅनमध्ये टाकली. उरलेला रस्ता बाकीचे आठ जण पुरा करतील, माझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही. अंबरीशआजोबा नॉटिंगहॅमहून गाडी घेऊन निघालेत, वाटेत बर्फ साचलाय म्हणून वेळ लागतोय. उद्याचं विमान मिळालंय. परवा आम्ही दोघं तुझ्यासमोर असू.

मला खरं माहीत होतं, ईशू. पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. तू ज्याच्यापासून मला वाचवत होतीस तेच मी तुझ्यापासून लपवून बसले होते. तुझी दोन वर्षं माझ्या भित्रेपणात गेली, त्याची भरपाई माझ्याकडे नाही.

तू गडावर गेलीस म्हणून परीकाका गेला, असं तुला वाटतं, असं अर्चनाने सांगितलं. तर हे ऐक. मी हे आजोबांनाही कधी मोठ्याने बोलून दाखवलेलं नाही. त्या दुपारी आम्ही घरातच होतो. मी पोळ्या लाटत होते. तो वर त्याच्या खोलीत होता. मी जेवायला हाक मारली, तो म्हणाला, नंतर येतो, आणि मी म्हटलं, बरं. तू सात हजार किलोमीटरवर होतीस. मी तेरा पायऱ्यांवर होते.

मी येतेय. तोवर वाट बघ, एवढंच मागते.

तुझी,
सुहासआजी