फेडलेला नवस

नोंगफाइ, जि. बुरिराम
२ जून

चि. ओत यास तोंगयुनमामाचे आशीर्वाद.

भातलावणीला माणूस मिळत नाही. मिळतो तो आधी नशेची गोळी मागतो. उसाच्या ठेकेदारानंच तोडकऱ्यांना सवय लावली. हेडमास्तरांचा पोरगा परवा छपरावर चढून बसला, उतरायला तयार नाही. आधी घोडा-गोळी म्हणायचे, आता सरकारनं वेडी गोळी नाव ठेवलंय. गिऱ्हाईक तेच.

तूही ओढतोस असं कानावर आलं. लढत जिंकली की तालमीतली पोरं चंदेरी कागदावर गोळी जाळून धूर घेतात म्हणे. मी चौकशी करत बसणार नाही. गावच्या आजोबादेवाला नवस बोललोय: यंदा मुष्टियुद्धाचा पट्टा जिंकलास तर वर्षावासाचे तीन महिने भिक्षूचं चीवर घालून विहारात राहशील. भन्तेंनाही सांगून ठेवलंय. तुला विचारलं नाही. त्यात विचारायचं काय?

मामी म्हणते, वजन उतरवताना पाणी तरी पीत जा. माया असेल तर जिंकून घरी ये.

तोंगयुन

---

बँकॉक
१० जून

ती. मामांस ओतचा शि. सा. न. वि. वि.

पट्टा जिंकला. भुवईला टाके पडलेत, मामीला सांगू नका.

ओढतो, मामा. आधी जिंकल्यावर मजा म्हणून, आता घेतल्याशिवाय सरावाला उठवत नाही. शेजारच्या पलंगावर तीच, तालमीच्या मालकाच्या ड्रायव्हरच्या खिशात तीच. स्टेडियमवाले लघवी तपासणार असले की कधी थांबायचं ते मालकच सांगतो. सोडून जावं तर करार त्याच्याकडे. लढतीला लावतो ते आडनावसुद्धा तालमीचं.

नवसाचं वाचून आधी हसलो. आता तेवढं एकच दार दिसतंय. चीवर अंगावर असलं की गोळी कोण देणार, आणि परत कोण ओढून आणणार? मालकाला सांगितलं. नवस म्हटल्यावर त्याला सरळ नाही म्हणता येईना. बघतो म्हणाला. तुम्ही मागं हटू नका, एवढीच विनंती.

तुमचा ओत

---

नोंगफाइ
१९ जून

चि. ओत यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. मालक परवाच येऊन गेला. गाडीभर डुकराची उकडलेली मुंडकी, दारू, वर नाचगाणंवाल्या बाया. म्हणाला, मामा, पोराच्या वर्षावासाऐवजी देवाला हे चालेल का विचारा. भगताच्या अंगात आलं. नवस पोचला म्हणाला. मला वाटलं तुझ्यामागची कटकट गेली. मी हो म्हटलं, आणि मुंडक्याचा कान खाल्ला.

आज भगताकडे जाऊन म्हटलं, नवस परत बांध. तो म्हणतो, फेडलेला नवस उकरला तर पोरावर येतं. गाढव मीच.

तर आता ऐक. मामाच्या चितेपुढं भाच्यानं डोकं भादरून एक दिवस तरी चीवर घालायचं असतं. त्याला नको म्हणणारा मालक या मुलखात जन्मायचाय. माझी तब्येत ठणठणीत आहे, त्याला इलाज नाही. मामीच्या नावानं मालकाला तार केली, तोंगयुन वारला. तू एकटा ये. चीवर चढलं की उतरवायचं कधी ते आपण ठरवू. तोवर मी माजघरात दडून बसतो. मामी म्हणते, असलं अभद्र बोलू नये, खरं होतं. तिला म्हटलं, भात वाढ.

मेलेल्याची आठवण ठेव.

तोंगयुन

---

बँकॉक
२३ जून

ती. मामांस सा. न.

तार आधी आली, तुमचं पत्र आज. मधले दिवस मी खरोखर रडत होतो. रडत होतो म्हणून जास्तच ओढली.

मालकालाही वाईट वाटलं. तुम्ही मुंडक्याचा कान खाल्लेला त्याला आठवत होता, साधा माणूस म्हणाला. रजा एका दिवसाची दिली, पण एकट्याला सोडत नाही. सगळी तालीम घेऊन स्वतः येतोय. हारावर तुमचं नाव लिहून घेतलंय. डोकं मीच भादरणार म्हणतो, तो मला बापाच्या जागी ना. सकाळी चीवर, अग्नी दिला की उतरवायचं, संध्याकाळी परत. पुढची लढत ठरलीय.

शनिवारी पोचतो. हे पत्र त्याआधी मिळालं तर बरं. तुम्ही दारात दिसलात तर माझी धडगत नाही. नाही दिसलात तर चितेवर कुणाला ठेवायचं, ते मामीला विचारून ठेवा. ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवतोय.

तुमचाच
ओत